बुडाची जाडी

खापर अजून चिकट होतं. कुंभारणीने ते उन्हाकडे तिरकं धरलं आणि पुढचं उचलायचं विसरली.

रोज सकाळी देवळाच्या मागच्या भिंतीवरून खापरं पडत. देव म्हणे वासानेच जेवतो. नैवेद्याची पेज मग नदीला जाते आणि वाडगा त्याच दिवशी फुटतो, देवाच्या उष्ट्याला माणसाचं तोंड लागू नये म्हणून. कुंभारांना आत मज्जाव. बाहेरचा ढीग मात्र त्यांचाच. ती खापरं कुटून नव्या मातीत मिसळली की वाडगे भट्टीत तडकत नाहीत.

देवाचा वाडगा: तोंड एक वीत, उंची सहा बोटं.

मजुराचा वाडगा: तोंड एक वीत, उंची सहा बोटं.

देवळाचा मापारी मापाची दोरी खांद्यावर टाकून यायचा आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बघा, देवापुढे सगळे सारखे!" मग वाकून, हळूच, "मजुरांचं बूड जाड ठेव. दोन बोटं."

ती ठेवायची. बाहेरून वाडगा तेवढाच, आत पेज कमी. शेतावरच्यांना, विटा वाहणाऱ्यांना, देवळात दळण-झाडलोट करणाऱ्या पोरीबाळींना, सगळ्यांना त्यातूनच. हे दुष्काळात सुरू झालं. दुष्काळ सरला, बूड काही पातळ झालं नाही.

त्याच दुष्काळात तिने लेक देवळाला दिली. सात वर्षांची. "देवाच्या घरी कोणी उपाशी राहतं का?" मापारी म्हणाला होता, आणि तिला ते पटवून घ्यायचंच होतं. आत गेलेली पोर बाहेर येत नाही.

नऊ वर्षं झाली. नणंद म्हणायची, खापरं मी आणते. ही म्हणायची, तुला वेचता येत नाहीत. खरं तर भिंतीपलीकडे बायका दळताना बोलत. त्यातला एक आवाज लेकीचा असणार. कोणता? सात वर्षांच्या गळ्याचा सोळाव्या वर्षी काय आवाज होतो?

"वहिनी, काय गं? साप निघाला की काय?" नणंदेने टोपली खाली ठेवली. खापर पाहून तिला हसू फुटलं. "अगोबाई! देव भावाचा भुकेला म्हणतात. काल तर चाटूनपुसून जेवलेला दिसतोय!"

कुंभारीण हसली नाही.

वाळत आलेल्या पेजेत चार बोटांच्या रेघा. तीन एकमेकींना लागून. चौथी फटकून, बाहेर वळलेली.

लेक चार वर्षांची असताना चाकाच्या खुंटीत तिची करंगळी सापडली होती. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून ते बोट असंच, बाकीच्यांशी भांडल्यासारखं.

तिने आपली करंगळी चौथ्या रेघेवर ठेवली. रुंदी जवळजवळ तेवढीच.

एवढी मोठी झाली.

नणंदेचं हसू विरलं. देवाचा वाडगा चाटणाऱ्याचा हात तोडतात, हे दोघींना माहीत होतं.

"जिवंत आहे," नणंद कुजबुजली.

"उपाशी आहे," आई म्हणाली.

ते खापर तिने टोपलीत टाकलंच नाही. तिथेच दगडाने ठेचलं, रेघांचं पीठ होईपर्यंत. पीठ ओच्यात बांधलं.

घरी नणंद पायांनी माती तुडवत होती. तुडवता तुडवता म्हणाली, "वहिनी, देवाचा वाडगा खोल कर ना जरा. कडेला जास्त चिकटेल, पोरीला तेवढंच."

"आणि तिने पुन्हा चाटावा? हात जाईल तिचा."

"मग?"

कुंभारणीने ओचा सोडला. पीठ मजुरांच्या मातीत मिसळलं, आणि चाकाला गती दिली.

पंधरा दिवसांनी भट्टी उघडली. मापारी आला. मजुरांच्या तीनशे वाडग्यांमधला एक त्याने उपडा केला, दोरी लावली. तोंड एक वीत. उंची सहा बोटं. आत डोकावायची सवय त्याला नव्हती. ठेवता ठेवता मात्र त्याने वाडगा हातात तोलला.

"हलका लागतोय."

नणंद माती तुडवायची थांबली.

"देवाची खापरं जास्त पडलीत यात," कुंभारीण म्हणाली.

मापाऱ्याने वाडगा घाईने कपाळाला लावला, जपून खाली ठेवला आणि गाड्या भरायला सांगितल्या.

तिला खोल हवा होता तो एकच वाडगा. पण लेकीच्या हाती कोणता पडेल हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिने तीनशेच्या तीनशे बुडं नखाएवढी पातळ केली होती.