उरलेला भुसा

डायॉक्सिन या विषाने थायमस ग्रंथीच्या पेशींतल्या जनुकांचं काम कसं बिघडतं, ते मी १९८४ साली उंदरांवर तपासत होतो. विष न दिलेल्या उंदरांच्याही ग्रंथी आक्रसल्या. पिंजऱ्यांची अदलाबदल केल्याचा ठपका ठेवून मी प्रयोगशाळेत पिंजरे सांभाळणाऱ्या शालिकरामकडून माफीनामा लिहून घेतला.

पुढे कळलं, पिंजऱ्यात अंथरायला मीच निवडलेल्या लाकडी भुशात डायॉक्सिन होतं. लाकडाला मारलेल्या वाळवीच्या औषधातून आलेलं. माफी मागायला मी नंदनवन वस्तीत त्याच्या घरी गेलो. सून तान्ह्याला मांडीवर घेऊन शेगडीपाशी बसली होती. खोलीत धूर कोंडला होता.



"बसा साहेब," शालिकराम म्हणाला. "तुम्ही उरलेला भुसा घरी नेऊ देता, त्याच्यावरच आमचा सैपाक होऊन राहिला."