‘पिढीजात’ नावाचं चित्र

“ते चित्र उतरवा, मास्तर.”

कमलाकांत मास्तरांनी वळून पाहिलं. दारातला माणूस चाळिशीचा असेल. धोतर धुळीनं भरलेलं, डोक्याला आणि अर्ध्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. वहाणा त्यानं जिन्याखालीच काढल्या होत्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात, वाचनालयाच्या माडीवर भरलेल्या प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस होता. उद्या मास्तरांचं एक चित्र पेटीत बांधून दिल्लीच्या प्रदर्शनाला जायचं होतं. अमरावतीच्या शाळेत वीस वर्षं चित्रकला शिकवल्यावर मास्तरांच्या वाट्याला असं काही पहिल्यांदाच येत होतं.

“कोणतं चित्र?”

माणसानं बोट केलं नाही. नुसती मान वळवली. मधल्या भिंतीवर एक म्हातारा खांद्यावर दोर घेऊन मेलेला बैल ओढत होता. फाटकी बंडी, वर खोचलेलं धोतर, घट्ट आवळलेले दात. खाली पाटी होती, ‘पिढीजात’.

“थो माहा बाप हाय.”

खिडकीपाशी दोन वकील चित्रं पाहत उभे होते. त्यांनी मागं वळून पाहिलं तसा माणसानं दुपट्टा आणखी वर ओढला.

मास्तरांना एकदम भरून आलं. त्यांनी माठातलं पाणी स्वतः ओतलं आणि पेला पुढं केला. “घ्या. माझाच पेला आहे. मी असलं काही पाळत नाही.”

माणूस पेल्याकडे बघत राहिला. “मले तहान नाही.”

“बसा तरी.”

“बसाले नाही आलो. पेपरात फोटू छापून आला याचा. गावात हाटेलाच्या भिंतीले चिकटवला. येनारा-जानारा पाहून हासते. बाप सा दिवस झाले ताटावर बसला नाही.”

“हसणाऱ्यांना लाज वाटावी म्हणूनच तर मी ते काढलं.”

“त्याईले नाही वाटत. आमाले वाटते.”

“हे पाहा,” मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुमचं दुःख आजवर कोणी भिंतीवर लावलं होतं? दिल्लीचे लोक त्याच्यासमोर उभे राहतील. तुमच्या वडिलांची मान उंच होईल.”

“तुमी त्याईले इचारलं होतं?”

“कौंडण्यपूरच्या जत्रेहून परत येत होतो. रस्त्याकडेला बसून रेखाटलं. विचारलं असतं तर ते सावरून उभे राहिले असते. मग खरं काय उरलं असतं?”

“खरं.” माणूस हसल्यासारखं करून थांबला. “नाव तरी इचारा लागत होतं. गाव, घर.”

“काम दिसत होतं ना. आणि डोळे. त्या डोळ्यांतली लाज पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांची लाज आहे ती. तोच या चित्राचा प्राण आहे.”

“लय वळखली तुमी.”

वकील आता उघडच ऐकत होते. त्यांतला एक म्हणाला, “मास्तर, जाऊ द्या. यांच्यासाठी कितीही करा, उलटून बोलणारच.”

माणसाच्या मुठी वळल्या. तो काहीतरी बोलणार होता, पण वकिलाच्या तोंडाकडे पाहून त्यानं ओठ मिटले.

“चित्र नसन उतरवत तं ते खालचं नाव पुसा,” तो मास्तरांना हळू म्हणाला. “तेवढं करा.”

“नाव पुसलं तर चित्रात राहिलं काय? एक म्हातारा आणि एक बैल?”

“तेवढंच होतं तिथं.”

आता मास्तरांचा आवाज चढला. “हे बघ, मी तुझ्या बाजूचा माणूस आहे. या चित्रापायी माझ्या सोयऱ्यांनी माझ्याकडे पंगतीला येणं सोडलं. आणि तूच मला जाब विचारतोस? नाव काय तुझं?”

“नाव कायले पायजे?”

“मग चालता हो. चित्र उतरणार नाही.”

माणूस हलला नाही. वकील घड्याळ बघत जिन्याकडे निघाले. त्यांची पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत तो चित्राकडे पाठ करून उभा राहिला. मग खिडकीतून एकदा खाली पाहून त्यानं माडीचं दार लोटलं आणि तोंडावरचा दुपट्टा सोडला.

“मास्तर, छप्पन साली आमच्या गावच्या वस्तीनं दीक्षा घेतली. त्या दिसापासून तिथल्या एकानंही मेल्या ढोराले हात लावला नाही. आमचा बैल मेला, तीन दिवस दारात सडला. मी सोता वस्तीत जाऊन हात जोडले. कोनी उठलं नाही. चौथ्या दिवशी बापानंच दोर खांद्यावर घेतला. पाटील हाय थो गावचा.”