दहा वर्षांचा नियम

'दहा वर्षांहून जुनी घरगाडी तळाच्या सौंदर्यास बाधा आणते.' अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या घरगाड्यांच्या तळावर हिवाळा काढायला येणाऱ्या पेन्शनरांच्या समितीने हा सिद्धांत मांडला आणि तीस वर्षांच्या गाडीत राहणाऱ्या विधवा लव्हर्नला गाशा गुंडाळायला सांगितले. तिला दुसरे घर नव्हते. सौंदर्य म्हणजे काय, यावर विद्वानांनी लेखण्या झिजवल्या. समितीने ते एका ओळीत उरकले. सभेत बसल्या बसल्या लव्हर्नला ते सौंदर्य सगळेच्या सगळे दिसत होते: हिरव्या रंगाने रंगवलेली खडी, तीवर रोवलेले प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो आणि अर्ध्या चड्डीतले अध्यक्ष ऑर्विल.

"ऑर्विल," ती म्हणाली, "तुझ्या अंगात दहा वर्षांच्या आतले फक्त गुडघे आहेत, तेही डॉक्टरने बसवलेले. नियम लावायचाच तर गुडघे ठेवून घेऊ, बाकीचा तू निघ."

सभा खिदळली. सर्वांत मोठ्याने हसली ती अध्यक्षांची बायको नॅडीन. ती रोज दुपारी लव्हर्नच्या गाडीत पत्ते खेळायला जात असे.

ऑर्विलचे कान लाल झाले. बायकोकडे बोट दाखवत तो ओरडला, "हेच! हेच हसणं! गाडीला काय धाड भरलीय? चांगली आहे गाडी! पण भिंती पत्र्याच्या आहेत, मला शेजारच्या माझ्या गाडीत बसून सगळं ऐकू येतं. पत्ते कोण खेळतंय तिथे? दोघी मिळून माझी नक्कल करतात!"