चौथ्या वाटणीचा नकाशा

नकाशावर बोटभरही जागा उरली नव्हती. म्हाताऱ्या नकाशाकार वेंडेलने टाक खाली ठेवला. “सरकार, मुलूख संपला. आपलं नाव अजून अर्धंच झालंय.”

या जर्मन घराण्यात बापामागे मुलखाची वाटणी व्हायची, किताब मात्र प्रत्येक मुलाला सगळेच्या सगळे मिळायचे. चौथ्या वाटणीनंतर या ड्यूकच्या हाती सात गावं आणि एक दलदल उरली होती. किताब होते एकवीस.

“गावं पुसा,” ड्यूक नाक वर करून म्हणाला. “एकही किताब गाळायचा नाही.”

वेंडेलने मान तुकवून सातही गावं खरवडून काढली. शेवटच्या किताबाला जागा पुरेना, तेव्हा त्याने ड्यूकचा महालही खरवडला.

ड्यूकने नाव तीनदा वाचलं. “शोभतंय,” तो म्हणाला. “महालात दर्शनी भिंतीवर लावा.”