पाहुण्यांसाठी राखलेलं

चाकणच्या एका कंपनीनं शाळेतल्या मुलींसाठी संडास बांधून दिला. पोरी घाण करतील म्हणून मोठ्या बाईंनी त्याला कुलूप घातलं आणि पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा जपला. सातवीतली दिव्या शाळेत पाण्याचा घोटही घेईना. दुपारी गणिताच्या तासाला डोकं ठणकायचं, वर बाई ओरडायच्या, "लक्ष कुठाय गं तुझं?"

वर्षानं कंपनीचे साहेब पाहणीला आले. कुलूप निघालं. फरशीवर एक डाग नाही!

"वा मॅडम, कालच बांधल्यासारखा ठेवलाय!" साहेब हरखले आणि बक्षीस म्हणून प्रत्येक मुलीला पाण्याची स्टीलची बाटली दिली. "भरपूर पाणी प्यायचं हं, डोकं चालतं!"

दिव्यानं बाटली छातीशी धरली आणि साहेबांनाच विचारलं, "सर, प्यायल्यावर किल्ली कुणाकडं मागायची?"