स्टीनकर्कची फॅशन

"गाठ नको मारूस," आरशासमोर बसलेला तरुण उमराव म्हणाला. "टोकाला पीळ दे आणि कोटाच्या काजात अडकव. स्टीनकर्कच्या लढाईत आपले शिपाई तसेच धावले होते म्हणे. सगळ्या पॅरिसमध्ये आता हीच फॅशन आहे."

म्हाताऱ्या बास्तियाँने क्रॅव्हॅटची गाठ सोडली. उमरावांच्या गळ्यात असल्या लांब कापडी पट्ट्या बांधण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

त्याचा एकुलता एक मुलगा स्टीनकर्कलाच पडला होता. निरोप घेऊन आलेल्या सोबत्याने सगळं सांगितलं होतं. पहाटे शत्रू अचानक छावणीवर तुटून पडला, तेव्हा क्रॅव्हॅट बांधायलाही उसंत मिळाली नाही. पोराने टोक कसंबसं काजात खुपसलं आणि तो धावत सुटला.

"छे! ही फारच नीटनेटकी झाली," उमराव कुरकुरला. "जीव मुठीत घेऊन धावणाऱ्या माणसाची वाटली पाहिजे."

बास्तियाँचे हात थांबले. "माझा मुलगा होता तिथे, सरकार. त्याला पुरलं तेव्हाही त्याची क्रॅव्हॅट तशीच होती म्हणे."

उमराव गर्रकन वळला. तो बास्तियाँकडे निरखून बघू लागला. बास्तियाँला वाटलं, आता हा आपलं सांत्वन करणार. इतके दिवस आवरलेले अश्रू डोळ्यांत आले.

"अरे, मग आधी नाही का सांगायचंस?" उमरावाचा चेहरा खुलला होता. "त्याची नेमकी कशी होती, तशीच बांध."

बास्तियाँने बाहीने डोळे पुसले आणि बांधायला घेतली.