नकाशाबाहेर

आगरदांड्याच्या शाळेत गुरुजींनी मैदानावर फक्कीने महाराष्ट्राचा मोठा नकाशा आखला आणि चौथीच्या पोरांना सांगितलं, "ज्याचे वडील जिथं कामाला, त्यानं तिथं जाऊन उभं राहायचं." बहुतेक पोरांची मुंबईवर, नाहीतर मग पनवेलवर एकच झुंबड उडाली. मासूमा मात्र किनारा ओलांडून पश्चिमेला चालत सुटली. "अगं, तिकडं समुद्र आहे! नकाशात ये!" गुरुजी खेकसले. घराकडची, नांदेडची बदली यंदाही हुकल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "अब्बा कुवेतला हायेत, गुरुजी," म्हणत ती थेट फाटकाशी पोचली आणि गज धरून मागं वळली. "इथून तर आमचं घर दिसतच न्हाय!" पोरं हसली. गुरुजींना हसू आलं नाही. ते आगरदांड्याच्या ठिपक्यावरच उभे होते. हळूच बाजूला सरकले. नांदेडला शिकणारी त्यांची लेक या खेळात असती, तर बापाच्या कामाच्या या ठिपक्यावरच येऊन उभी राहिली असती.